कंस, रकाना आणि हक्क : संरचित विदेच्या वाचन-लेखनाची सातबाऱ्याच्या आधारे चिकित्सा

प्रस्तावना

संगणक-शिक्षणाच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत 'फाइल वाचणे' आणि 'फाइल लिहिणे' हा भाग शेवटच्या प्रकरणांत येतो व दोन-चार उदाहरणांत संपतो. विद्यार्थ्यांचे गुण किंवा दुकानातील वस्तूंच्या किमती फाइलमधून वाचायच्या, त्यांची बेरीज करायची आणि दुसऱ्या फाइलमध्ये लिहायची, एवढाच त्याचा आवाका असतो. पायथनसारख्या भाषेत हे काम तीन-चार ओळींत होते. त्यामुळे ते यांत्रिक आहे, त्यात विचार करण्यासारखे काही नाही, अशी समजूत विद्यार्थ्यांच्याच नव्हे तर अध्यापकांच्याही मनात रुजते. प्रस्तुत लेखात या समजुतीची चिकित्सा करावयाची आहे.

संरचित विदा म्हणजे ठरलेल्या रकान्यांत, ठरलेल्या क्रमाने किंवा ठरलेल्या नावांखाली मांडलेली माहिती. ती फाइलमध्ये साठविण्याचे तीन प्रकार विशेष रूढ आहेत. स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणारा सीएसव्ही हा जुना प्रकार. त्याचे वर्णन २००५ च्या आरएफसी ४१८० या टिपणात केले गेले. खुणांच्या जोड्यांत माहिती बंदिस्त करणाऱ्या एक्सएमएलला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. डग्लस क्रॉकफर्ड यांनी पुढे आणलेला जेसन हा तिसरा प्रकार महिरपी व चौकोनी कंसांचा उपयोग करतो. त्याचे सध्याचे प्रमाण २०१७ च्या आरएफसी ८२५९ मध्ये आहे. हे तिन्ही प्रकार माहितीचा आकार सांगतात. माहितीचा अर्थ मात्र त्यांच्या कक्षेबाहेर राहतो. या दोहोंतील अंतर काय नुकसान करू शकते, हे पाहण्यासाठी महाराष्ट्रातील सर्वपरिचित संरचित दस्तऐवज, म्हणजे सातबारा उतारा, येथे विचारात घेतला आहे.

रावेतच्या संदर्भात सातबारा

पवना नदीकाठचे रावेत हे हवेली तालुक्यातील गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. मुंबई-बंगळुरू महामार्ग आणि द्रुतगती मार्ग यांच्या सान्निध्यामुळे येथील शेतजमिनीवर पुढील काळात गृहसंकुले उभी राहिली. अशा गावात सातबाऱ्याचे महत्त्व शेती संपल्याने कमी होत नाही, उलट वाढते. पूर्वी एकराने बोलली जाणारी जमीन गुंठ्याने आणि चौरस फुटाने मोजली जाऊ लागते. विकसकाशी करार करताना मागील अनेक वर्षांचे उतारे व फेरफार तपासले जातात आणि एखादे नाव किंवा एखादा अंक यांवर मोठा व्यवहार अडतो किंवा पुढे सरकतो.

सातबारा हा वस्तुतः दोन नमुन्यांचा संयोग आहे. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, तर गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. त्यामागे नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही उभी असते. खरेदी, वारसा, गहाण, हक्कसोड अशा प्रत्येक बदलाची नोंद प्रथम तेथे होते आणि ती प्रमाणित झाल्यावर सातबाऱ्यावर उतरते. नमुना आठ-अ एका खातेदाराच्या सर्व जमिनी एकत्र दाखवितो. संगणकशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर परस्परांशी जोडलेल्या कोष्टकांची ही रचना आहे आणि ती संगणक येण्याच्या कितीतरी आधी कागदावर सिद्ध झाली होती. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील प्रमाणित नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी नवी नोंद होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे येथे लिहिलेले अक्षर केवळ माहिती नसते; त्याला विधिक गृहीतकाचे बळ असते. चुकीचे वाचन किंवा लेखन झाल्यास ती चूक खोटी ठरविण्याचा भार ज्याचे नुकसान झाले त्याच्यावर पडतो.

कंसाचा अर्थ

हस्तलिखित सातबाऱ्यात एखाद्या खातेदाराचा हक्क संपला, कर्जाचा बोजा उतरला किंवा खातेदार मयत झाला, तर ती नोंद कंसात घेण्याचा प्रघात होता. 'नावाला कंस झाला' या शब्दप्रयोगाचा अर्थ गावात कोणालाही समजावून सांगावा लागत नसे. हा कंस म्हणजे एक संपूर्ण विधान होते : हे नाव येथे होते, आता त्याचा हक्क उरलेला नाही, परंतु इतिहास म्हणून ते दिसत राहील.

आज्ञावलीच्या दृष्टीने मात्र मजकुरातील कंस हे केवळ एक चिन्ह आहे. नाव वाचणारी आज्ञावली कंसासह नाव वाचते आणि त्या नावाला इतरांच्या बरोबरीने यादीत बसवते. एखादा दक्ष विद्यार्थी 'स्वच्छता' म्हणून विरामचिन्हे काढून टाकणारी ओळ लिहितो, तेव्हा संकट अधिक गडद होते. कारण आता संपलेला हक्क आणि चालू हक्क यांत काहीच भेद उरत नाही. पाठ्यपुस्तकांत 'विदा स्वच्छ करणे' ही क्रिया निर्दोष मानली जाते. येथे ती स्वच्छता एका मयत खातेदाराला पुन्हा जमिनीचा मालक करते.

२०२० मध्ये शासनाने सातबाऱ्याच्या नमुन्यात अनेक सुधारणा केल्या. गावाचा सांकेतिक क्रमांक, खातेदाराच्या नावासमोर खाते क्रमांक, प्रलंबित फेरफाराची नोंद, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक अशा गोष्टी उताऱ्यावर आल्या. संपलेल्या नोंदी कंसात न दाखविता त्यांवर आडवी रेघ मारण्याची पद्धतही तेव्हाच आली. वाचकाच्या दृष्टीने ही सुधारणा स्वागतार्ह होय. खोडलेले नाव सामान्य माणसाला कंसातील नावापेक्षा लवकर ओळखता येते. परंतु आज्ञावलीच्या वाचनाचा विचार केला तर तिची दुसरी बाजू दिसते. कंस निदान मजकुराचा भाग होता. रेघ ही केवळ मांडणी आहे. छापील किंवा पीडीएफ उताऱ्यातून मजकूर उचलणाऱ्या आज्ञावलीला अक्षरे मिळतात, रेघ मिळेलच असे नाही. मूळ विदासंचात संपलेल्या नोंदीची स्वतंत्र खूण असली तरी उताऱ्याच्या मजकुरात ती उतरत नाही. डोळ्यांसाठी केलेली सुधारणा यंत्राच्या वाचनाला अधिक अंध करू शकते, हा येथील विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. त्यावरील उपाय सोपा आहे : 'स्थिती' असा स्वतंत्र रकाना, आणि त्यात 'चालू' किंवा 'संपुष्टात' असा स्पष्ट शब्द. अर्थ मांडणीत न ठेवता रकान्यात ठेवणे, हे संरचित लेखनाचे पहिले तत्त्व मानावे लागेल.

अंक आणि क्षेत्र

संख्या वाचणे ही सर्वांत सुरक्षित क्रिया वाटते. प्रत्यक्षात क्षेत्राच्या रकान्यात सर्वाधिक फसगत होते. जुन्या कागदपत्रांत क्षेत्र एकर-गुंठ्यांत असे. चाळीस गुंठ्यांचा एकर होतो. 'दोन एकर वीस गुंठे' हे क्षेत्र कोणी २.२० असे लिहिले असेल तर त्यातील टिंब हे दशांशचिन्ह नव्हे. ते एकर व गुंठे यांना वेगळे करणारे चिन्ह आहे. आज्ञावलीने ही अपूर्णांक संख्या मानली की २.२० एकर म्हणजे दोन एकर आठ गुंठे होतात. बारा गुंठे, म्हणजे १३,०६८ चौरस फूट जमीन, कोणतीही चूक न दाखविता नाहीशी होते. शिवाय १.१० आणि १.१ या दोन लेखनांत गावकऱ्याच्या दृष्टीने नऊ गुंठ्यांचा फरक असू शकतो. पायथनचा जेसन-वाचक मात्र दोन्ही संख्या एकच मानतो.

हेक्टर-आर पद्धतीत हा धोका बराच कमी होतो, आणि त्याचे कारण उद्बोधक आहे. शंभर आरांचा हेक्टर आणि शंभर चौरस मीटरांचा आर असल्यामुळे ०.४०.५० या लेखनातील दुसरे टिंब काढले तरी ०.४०५० हेक्टर हे बरोबर उत्तर मिळते. दशमान पद्धतीचा हा अप्रकट लाभ होय. पण तोही अटीवर अवलंबून आहे. पाच आर हे ०५ असे न लिहिता नुसते ५ लिहिले, तर क्षेत्र दहापट होते. पायथनमध्ये अपूर्णांकाऐवजी दशमान प्रकार वापरण्याची किंवा क्षेत्र अक्षरमाला म्हणून वाचून त्याचे घटक स्वतंत्र करण्याची सोय आहे. ती वापरायची की नाही हे भाषा ठरवीत नाही. वाचणाऱ्याने ठरवायचे असते.

याहून बोलके उदाहरण तक्तापत्रिकेचे, म्हणजे स्प्रेडशीटचे आहे. हिश्श्यासह लिहिलेला सर्व्हे नंबर, उदाहरणार्थ ५/२, एक्सेलसारख्या तक्तापत्रिकेत टंकित केला की त्याची तारीख होते. खुद्द '७/१२' हे दोन अंक टंकित केले तरी तक्तापत्रिका त्यांना दिनांक समजते. हा प्रमाद केवळ महसुली कागदांपुरता नाही. मानवी जनुकांच्या काही नावांची एक्सेलमध्ये तारीख होत असल्यामुळे जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये त्या जनुकांची नावेच बदलण्याचा मार्ग स्वीकारला. विज्ञानाने यंत्रासमोर माघार घेतल्याचे हे उदाहरण म्हणता येईल. सर्व्हे नंबराला अशी माघार घेता येत नाही. तो नकाशावर, फेरफारात आणि न्यायालयाच्या निकालात आधीच लिहिलेला असतो.

नाव असणे, नसणे आणि रिकामे असणे

सामाईक खात्यात अनेक खातेदारांची नावे एकाखाली एक येतात. जेसनमध्ये ती चौकोनी कंसातील यादी म्हणून लिहिणे योग्य. परंतु नवशिक्या विद्यार्थ्याने पुढीलप्रमाणे लिहिले तर काय होईल ?

{"खातेदार": "थोरला भाऊ", "खातेदार": "बहीण", "खातेदार": "धाकटा भाऊ"}

एकाच वस्तूतील नावे वेगवेगळी असावीत अशी अपेक्षा आरएफसी ८२५९ व्यक्त करतो. मात्र ती न पाळल्यास वाचकाने काय करावे हे निश्चित करीत नाही. पायथनचा अंगभूत जेसन-वाचक अशा वेळी शेवटचे मूल्य ठेवतो व आधीची गुपचूप टाकून देतो. वरील ओळ वाचल्यावर एकटा धाकटा भाऊ उरतो. कोणताही दोषसंदेश येत नाही. आज्ञावली यशस्वी झाली असेच विद्यार्थ्याला दिसते.

या तांत्रिक तपशिलाला सामाजिक वजन आहे. महाराष्ट्राने १९९४ च्या दुरुस्तीने मुलींना सहदायादाचा हक्क दिला आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो देशभर लागू झाला. त्यानंतर बहिणीचे नाव सातबाऱ्यावर असणे हा कौटुंबिक औदार्याचा विषय राहिलेला नाही. अशा स्थितीत उताऱ्यावर बहिणीचे नाव दिसत नसेल तर त्याचे किमान तीन अर्थ संभवतात. वारसनोंद झालीच नाही, हा एक. तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून हक्क सोडला, हा दुसरा. नाव होते, पण नोंद एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात नेताना गळाले, हा तिसरा. पहिल्यात तिचा दावा उभा राहतो, दुसऱ्यात तो सामान्यतः संपतो, तिसऱ्यात नोंदीची दुरुस्ती व्हायला हवी.

संरचित विदेतही हे भेद दाखविण्याची साधने आहेत. रकानाच नसणे, रकाना असून त्यात 'मूल्य नाही' असे स्पष्ट लिहिलेले असणे आणि रकान्यात रिकामी अक्षरमाला असणे, या जेसनमध्ये तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पायथनमध्ये शब्दकोशातून मूल्य मागण्याची जी सोयीची पद्धत सर्रास शिकविली जाते, ती पहिल्या दोन गोष्टींना एकच उत्तर देते. सीएसव्हीत लिहिताना 'मूल्य नाही' याचीही रिकामी जागा होते. म्हणजे जेसनमधून वाचून सीएसव्हीत लिहिले आणि ते पुन्हा वाचले, की तिन्ही अर्थ एकाच रिकाम्या चौकटीत विलीन होतात. रिकामी चौकट निरुपद्रवी दिसते. तिच्यात कोणाचा हक्क बुडाला आहे, हे ती सांगत नाही.

लिपी आणि सांकेतन

मराठी नोंदींच्या बाबतीत आणखी एक थर विचारात घ्यावा लागतो. देवनागरीसाठी इस्की हे भारतीय प्रमाण १९९१ मध्ये सिद्ध झाले आणि त्याच्या विकासात पुण्याच्या सी-डॅकचा मोठा वाटा होता. तथापि अनेक वर्षे कार्यालयांतील व छापखान्यांतील मराठी मजकूर विशिष्ट टंकांवर अवलंबून राहिला. त्यात मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या क्रमांकांखाली साठविली जात. टंक बदलला की मजकूर निरर्थक होई. युनिकोडच्या प्रसाराने हा प्रश्न मोठ्या प्रमाणात सुटला, पण संपला नाही.

'रावेत' हा शब्द उदाहरणादाखल घ्यावा. वाचणाऱ्याला त्यात तीन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबाने त्यात काना व मात्रा धरून पाच चिन्हे आहेत. यूटीएफ-८ सांकेतनात तो पंधरा बाइट घेतो. पायथनचा जेसन-लेखक स्वतःहून काही न सांगता वापरला, तर प्रत्येक चिन्हाऐवजी सहा वर्णांचा संकेत लिहितो व शब्द तीस वर्णांचा होतो. ही चूक नाही, कारण वाचताना 'रावेत' पुन्हा जसाच्या तसा मिळतो. पण ती फाइल उघडून पाहणाऱ्या माणसाला त्यातील एकही नाव वाचता येत नाही. यंत्राला सुरक्षित आणि माणसाला अपारदर्शक, असे हे लेखन आहे. एका सूचनेने ते टाळता येते. ती सूचना मराठी विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी मिळावयास हवी.

याहून सूक्ष्म अडचण 'कुऱ्हाडे'सारख्या आडनावांत येते. त्यातील अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक रीतींनी लिहिता येतो. दिसायला दोन्ही रूपे सारखी. आज्ञावलीच्या तुलनेत मात्र ती दोन भिन्न नावे ठरतात. प्रमाणीकरणाच्या क्रियेने काही रूपे एक होतात, अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहिलेले रूप मात्र वेगळेच राहते. परिणामी एका खातेदाराची दोन खाती होतात किंवा शोधात त्याचे नाव सापडत नाही.

चावडी वाचन : विसरलेली तपासणी

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. हे दोष भाषेचे नसून वापरणाऱ्याचे आहेत, आणि रकान्यांचे प्रकार आधीच निश्चित करणाऱ्या आराखड्यांच्या साह्याने ते टाळता येतात, असे म्हणता येईल. या आक्षेपात तथ्य आहे. क्षेत्र ऋण नसावे, खाते क्रमांक रिकामा नसावा, स्थितीच्या रकान्यात दोनच शब्द चालावेत, असे नियम यंत्र उत्तम रीतीने तपासते, आणि न थकता तपासते. तलाठ्याच्या दप्तरातील हस्ताक्षराला ही शिस्त नव्हती. परंतु आराखडा वैधता तपासतो, सत्यता नाही. वारसांच्या यादीत चारऐवजी तीन नावे असली तरी यादी वैधच राहते.

महसूल विभागाच्या अनुभवातून याचे उत्तर मिळते. हस्तलिखित सातबारा संगणकावर नेताना झालेल्या चुका शोधण्यासाठी राज्यात २०१७ मध्ये चावडी वाचनाचा कार्यक्रम घेण्यात आला. संगणकीकृत उतारे गावात वाचून दाखवायचे, खातेदारांनी ते आपल्या माहितीशी ताडून आक्षेप नोंदवायचे आणि मग दुरुस्ती करायची, असे त्याचे स्वरूप होते. पुढे १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. या क्रमाचे महत्त्व मोठे आहे. स्वाक्षरीपूर्वी वाचन झाले; आणि ते वाचन ज्यांचे हक्क त्या कागदात होते त्यांच्यासमोर झाले. फेरफार प्रमाणित होण्यापूर्वी हितसंबंधितांना नोटीस देण्याची संहितेतील तरतूद आणि लेखनप्रमाद दुरुस्त करणारे कलम १५५ यांमागेही हीच जाणीव आहे. लेखन चुकू शकते, म्हणून ऐकणारा आणि हरकत घेणारा माणूस प्रक्रियेत असला पाहिजे, हे प्रशासनाने आज्ञावलीच्या कितीतरी आधी ओळखले होते.

अध्यापनाच्या दृष्टीने

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी प्रथम वर्षाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात पायथनला स्थान मिळाले आणि विविध शाखांच्या विद्यार्थ्यांचा या भाषेशी परिचय झाला. रावेतमध्येही आज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. ज्या जमिनींचे उतारे या लेखाचा विषय आहेत, त्या परिसरातच हे शिक्षण चालते. अशा वेळी फाइल-वाचनाच्या प्रात्यक्षिकासाठी परदेशी पुस्तकातील फुलांच्या पाकळ्यांची मोजमापे किंवा काल्पनिक दुकानाचा हिशेब घेण्याचे कारण उरत नाही. व्यक्तिगत नावे वगळून तयार केलेला नमुना-सातबारा विद्यार्थ्यांना द्यावा. तो जेसनमध्ये लिहावा, सीएसव्हीत न्यावा, परत आणावा आणि मूळ कागदाशी ओळीने ताडावा. काय हरवले याची यादी विद्यार्थ्याने करावी आणि गुण त्या यादीला द्यावेत. आज्ञावली चालली की गुण मिळतात, ही सध्याची रीत विद्यार्थ्याला नेमकी चुकीची गोष्ट शिकवते.

असे प्रात्यक्षिक संगणक विभागापुरते ठेवण्याचेही कारण नाही. कंसाचा अर्थ महसुली व्यवहार जाणणारा सांगेल, हक्कसोडपत्राचा परिणाम विधी विषयाचा अध्यापक सांगेल, एकर-गुंठ्यांचा हिशेब भूगोल किंवा अर्थशास्त्राच्या वर्गात स्पष्ट होईल, आणि अर्ध्या र चा प्रश्न मराठी विभागाचा आहे. बहुविद्याशाखीय अभ्यासाची भाषा सर्वत्र बोलली जाते. तिला इतके जवळचे निमित्त क्वचितच मिळते.

समारोप

संरचित विदेचे वाचन-लेखन ही यांत्रिक क्रिया आहे, हे मत सातबाऱ्याच्या कसोटीवर टिकत नाही. टिंब दशांशाचे की गुंठ्यांचे, कंस रचनेचा की संपलेल्या हक्काचा, रिकामी चौकट अज्ञानाची की त्यागाची, हे प्रत्येक वेळी वाचणाऱ्याला ठरवावे लागते. त्याने ठरविले नाही तर भाषेच्या अंगभूत सवयी त्याच्या वतीने ठरवितात आणि त्या निर्णयाची कोठेही नोंद राहत नाही. आज्ञावली-भाषांचा दोष असलाच तर तो त्यांच्या मौनात आहे : जेथे थांबून विचारायला हवे तेथे त्या न विचारता पुढे जातात. हे मौन कोठे कोठे आहे हे विद्यार्थ्याला दाखविणे, हे अध्यापकाचे काम आहे. कारण वर्गात चुकलेला रकाना पुन्हा भरता येतो. अधिकार अभिलेखात चुकलेला रकाना भरून घेण्यासाठी एखाद्या बहिणीला कलम १५५ चा अर्ज घेऊन तहसील कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.